विकणाऱ्याला गाडीची खरी किंमत माहीत नाही, तर गप्प बसून घ्यायची का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ओहायोत राहणाऱ्या एका मराठी मुलाला गावाबाहेरच्या एका घरामागे, पत्र्याच्या शेडमधे १९७० ची शेव्हर्ले शेव्हेल सापडलीय. मालक वारलेत, त्यांच्या बायको सत्तरीच्या पुढच्या आहेत, त्यांना शेड रिकामी करायचीय आणि त्या ८ हजार डॉलर म्हणतायत, कारण शेजाऱ्याने सांगितलंय की जुनी मालिबू (शेव्हेलचंच नेहमीचं मॉडेल) आहे, एवढे आले तरी खूप झाले. या मुलाने टॉर्च मारून इंजिनवरचा शिक्का वाचला तर शेवटची तीन अक्षरं सीआरव्ही निघाली, म्हणजे आत एलएस-६ हे मोठं, दुर्मिळ इंजिन. आता तो विचारतोय की किंमत त्यांनीच सांगितलीय, मी घासाघीससुद्धा करत नाहीये, तर गप्प बसून ८ हजार मोजले आणि गाडी ट्रेलरवर चढवली तर त्यात वाईट काय?

मी डेट्रॉइटच्या उत्तरेला राहतो, नोकरी गाड्यांच्याच धंद्यात, आणि बरीच वर्षं साठ-सत्तरच्या दशकातल्या मसल कार (मोठ्या इंजिनच्या जोरदार गाड्या) घेणं, उभ्या करणं, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा मूळच्यासारख्या करणं, आणि विकणं हा माझा जोडधंदा आहे, डीलरचं लायसन्स काढून रीतसर. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर अनेकदा आलाय, आणि माझं उत्तर सरळ आहे. या बाईंकडून गप्प बसून घेऊ नका. गाडी काय आहे ते आधी सांगा आणि मग किंमत ठरवा. पण प्रत्येक वेळी प्रत्येक विकणाऱ्याला सगळं सांगितलंच पाहिजे असं मी म्हणत नाहीये, आणि हा फरक नेमका कुठे पडतो ते नीट लिहावं म्हणून एवढं लांब उत्तर.

आधी गाडीबद्दल, कारण नीतीचा प्रश्न बराचसा गाडीच्या तपशिलात अडकलेला असतो. १९६४ मधे पॉन्टियाकने टेम्पेस्ट या मधल्या आकाराच्या घरगुती गाडीत ३८९ क्यूबिक इंचाचं मोठं इंजिन घालून जीटीओ काढली आणि तिथून ही सगळी शर्यत सुरू झाली, १९७० ला ती टोकाला पोचली आणि मग विम्याचे हप्ते, प्रदूषणाचे नियम, १९७३ चं तेलसंकट असं एकामागून एक येऊन संपली. शेव्हेलमधे ४५४ क्यूबिक इंचाचं एलएस-६ इंजिन त्या एकाच १९७० साली मिळत होतं, कंपनीचाच आकडा ४५० हॉर्सपॉवर, कॉम्प्रेशन ११.२५, आणि अशी इंजिनं फक्त ४,४७५ गेली. खरी, कागदपत्रांसकट, नीट उभी केलेली अशी गाडी आज सहा आकडी डॉलरला जाते, आणि तीच बॉडी साध्या ३०७ इंजिनची मालिबू असेल तर किंमत कितीतरी खाली. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतात, विशेषतः वीस-तीस वर्षं धूळ बसल्यावर आणि बॅज गळून गेल्यावर.

आता गंमत अशी की शेव्हेलचा १९७० चा विन नंबर, म्हणजे गाडीवर कोरलेला ओळख क्रमांक, तुम्हाला हे सांगतच नाही. १९६६ ते ६८ मधे नंबर १३८ ने सुरू झाला की ती एसएस, म्हणजे शेव्हेलची जोरदार आवृत्ती, पण १९६९ पासून एसएस हे नुसतं ऑप्शन पॅकेज झालं, त्यामुळे मालिबू व्ही-८ आणि एलएस-६ दोघींचा नंबर एकसारखाच सुरू होतो. पॉन्टियाक असेल तर पीएचएस नावाची सेवा आहे, थोडी फी भरली की कारखान्याच्या नोंदीची प्रत घरी येते. फोर्ड १९६७ किंवा नंतरची असेल तर तशाच नोंदींचा मार्टी रिपोर्ट मिळतो. क्रायस्लरच्या गाड्यांमधे विनचं पाचवं अक्षर इंजिन सांगतं, १९७० च्या प्लिमथ किंवा डॉजमधे तिथे आर असेल तर ती ४२६ क्यूबिक इंचाच्या हेमी इंजिनची. पण अमेरिकेत विकल्या गेलेल्या शेव्हर्लेसाठी असं काहीच नाही, कॅनडात विकलेली असेल तरच जनरल मोटर्स कॅनडाकडून कागद मिळतो. म्हणजे अमेरिकेतल्या शेव्हेलचा पुरावा गाडीतच किंवा मालकाच्या घरातच असतो. पेट्रोलच्या टाकीवर किंवा मागच्या सीटच्या स्प्रिंगमधे अडकलेली बिल्ड शीट (गाडीत काय काय बसवायचं याची कारखान्यातली यादी), वॉरंटीच्या पुस्तिकेतली ती छोटी धातूची पट्टी, म्हणजे प्रोटेक्ट-ओ-प्लेट, डीलरचं बिल, जुने फोटो.

हे सगळं मी इतकं का सांगतोय, तर त्यातून दोन गोष्टी निघतात. एक, तुम्ही पाहिलेला शिक्का हा अजून पुरावा नाही. इंजिनच्या ब्लॉकवरची शिक्क्याची पट्टी घासून नवा शिक्का मारणारे लोक या धंद्यात आहेत, आणि खरं इंजिन दुसऱ्याच गाडीतून काढून इथे बसवलेलं असू शकतं, त्यामुळे ब्लॉकवर विनचे शेवटचे आकडे जुळतात का, पट्टीवर कारखान्याच्या यंत्राच्या बारीक रेषा शाबूत आहेत का, तारीख गाडीच्या तारखेच्या आधीची आहे का, हे बघितल्याशिवाय तुम्हाला स्वतःलाच माहीत नाही की तुमच्या हातात काय आहे. आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, की गाडीची अर्धी किंमत त्या बाईंच्या घरातल्या कपाटात आहे. तुम्ही गप्प राहायचं ठरवलं तर ते कागद तुम्ही मागणार कसे? "जुन्या मालिबूची" वॉरंटीची पुस्तिका शोधून द्या असं जीव तोडून सांगितलं की त्यांना किंवा त्यांच्या मुलांना शंका येणारच. आणि नाही मागितलं तर घर विकताना ते सगळं कचऱ्यात जाणार, कायमचं.

कायद्याचं थोडं बघू, कारण "कायद्याने चालतं ना" हे वाक्य मी या विषयात सगळ्यात जास्त ऐकलंय. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा १८१७ चा एक जुना निकाल आहे, लेडलॉ विरुद्ध ऑर्गन. १८१५ मधे न्यू ऑर्लीन्सला एका व्यापाऱ्याला पहाटे कळलं की इंग्लंडशी तह झालाय, म्हणजे बंदराची नाकेबंदी उठणार आणि तंबाखूचा भाव चढणार, आणि त्याने बातमी फुटायच्या आत तंबाखूची १११ पिंपं विकत घेतली. भाव ३० ते ५० टक्के वाढला. कोर्ट म्हणालं की बाहेरची ही बातमी सांगायला तो बांधील नव्हता, पण त्याचबरोबर हेही म्हणालं की समोरच्याला फसवेल असं काही बोलायचं किंवा करायचं नाही, आणि त्याने तसं केलं होतं का हे ज्युरीने ठरवावं, कारण विकणाऱ्याने सौद्याच्या वेळी त्याला विचारलं होतं की भाव वाढेल अशी काही बातमी आहे का, म्हणून.

आणि आपल्या मिशिगनचाच १८८७ चा निकाल, जो इथल्या कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतात, शेरवुड विरुद्ध वॉकर. एक गाय वांझ समजून साधारण ८० डॉलरला विकली, आणि गाय घेऊन जायच्या वेळी कळलं की ती गाभण आहे, म्हणजे ७५० ते हजार डॉलरची. मिशिगनचं सुप्रीम कोर्ट म्हणालं की दोघांचाही समज चुकीचा होता आणि वांझ गाय आणि वासरं देणारी गाय या मुळात वेगळ्या वस्तू आहेत, त्यामुळे विकणाऱ्याला सौदा मोडता येतो. उलट दोनच वर्षं आधी शेजारच्या विस्कॉन्सिनमधे एका बाईने एक खडा सराफाला १ डॉलरला विकला, तो निघाला सुमारे ७०० डॉलरचा कच्चा हिरा, आणि तिथल्या कोर्टाने सौदा कायम ठेवला, कारण सराफालाही तेव्हा माहीत नव्हतं. ॲरिझोनात २००० साली असाच एक निकाल झाला, मृत व्यक्तीच्या घरच्या सामानाच्या विक्रीतून ६० डॉलरला घेतलेली दोन चित्रं नंतर लिलावात दहा लाख डॉलरच्या वर गेली, आणि कोर्टाने वारसांना परत काही दिलं नाही, कारण त्यांना तज्ज्ञाकडून तपासून घ्यायची संधी होती आणि त्यांनी ती घेतली नाही.

हे वाचून तुम्हाला वाटेल की कायदा आपल्याच बाजूने आहे. पण नीट बघा, खड्याच्या सौद्यात घेणाऱ्यालाही माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत आहे. तुमचा प्रसंग तंबाखूच्या जवळचा आहे, आणि तिथेही फरक हा की तंबाखूची बातमी बाजाराची होती, तंबाखूबद्दलची नव्हती. विकणाऱ्याला आपल्याकडे काय माल आहे हे पक्कं माहीत होतं.

आपल्याकडच्या लोकांना भारताचा १८७२ चा करार कायदा जास्त ओळखीचा वाटेल, आणि मला स्वतःला त्याचं कलम १७ या विषयावर सगळ्यात स्वच्छ वाटतं. नुसतं गप्प बसणं म्हणजे कपट नाही असं ते म्हणतं, आणि उदाहरणही देतं की दोन व्यापारी आहेत, एकाला भावातल्या बदलाची खाजगी बातमी आहे, तर ती दुसऱ्याला सांगायला तो बांधील नाही. पण त्याच कलमात घोड्याची उदाहरणं आहेत. घेणारी जर तुमची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल तर घोड्यात खोट आहे हे सांगणं तुमचं कर्तव्य, कारण नातं विश्वासाचं आहे. आणि घेणारा जर म्हणाला की तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा चांगलाय असं मी धरतो, तर तिथे तुमचं गप्प बसणं म्हणजे बोलणंच. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांनाही हे दिसत होतं की दोन व्यापाऱ्यांमधलं मौन आणि विश्वास टाकलेल्या माणसासमोरचं मौन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझी सगळी मांडणी याच्यावरच उभी आहे.

मी स्वतः कसं वागतो ते सांगतो. समोर डीलर असेल, गाड्या फिरवून विकणारा असेल, लिलाव असेल, तर मी माझं ज्ञान वापरतो आणि एक शब्द बोलत नाही. तो धंद्यात आहे, विन वाचणं हे त्याचं काम आहे, त्याने १९६९ ची मस्टँग लावलीय आणि विनमधलं इंजिनचं अक्षर झेड आहे, म्हणजे ती इथल्याच ब्रायटनमधे हाताने जुळवलेली बॉस-४२९ आहे, हे त्याला दिसलं नसेल तर ती त्याची जबाबदारी. तिथे मी रात्री शांत झोपतो. (अशी बॉस-४२९ मला काही मिळालेली नाही, १९६९ च्या ८५९ च आहेत आणि बहुतेक सगळ्यांचा ठावठिकाणा लोकांना माहीत आहे, पण तत्त्व सांगतोय.)

तिशी-चाळिशीतला माणूस, स्वतः ऑनलाइन जाहिरात लावलेली, आठवडाभर विचार करून किंमत टाकलेली, तो थोडा मधला प्रसंग आहे. हल्ली झालेल्या लिलावांचे भाव फोनवर फुकट दिसतात, हॅगर्टी या जुन्या गाड्यांच्या विमा कंपनीचे भाव दिसतात, आणि खरं सांगायचं तर आजकाल उलटाच त्रास जास्त आहे, टीव्हीवरचे लिलाव बघून सहा सिलिंडरच्या कुजलेल्या गाडीचे लोक लाखभर मागतात. अशा माणसाला मी बाजारभाव शिकवायला जात नाही. पण त्याने विचारलं की ही नेमकी काय आहे, तर खरं सांगतो. खोटं एक अक्षर नाही. "ही तर साधीच आहे" असंही नाही, "बघू, गंज फार आहे" असं तोंड वाकडं करणंही नाही, जर मनातून मला माहीत असेल की त्या गंजाने काहीच फरक पडत नाही.

आणि मग विधवा बाई, म्हातारे एकटे गृहस्थ, वडिलांचं घर आवरायला दुसऱ्या राज्यातून दोन दिवसांसाठी आलेली मुलं. इथे मी किंमतीचा विषय निघायच्या आत गाडी काय आहे ते सांगतो. यांनी किंमत ठरवलेली नसते हो, कुणीतरी सांगितलेली असते. ज्याला सगळं माहीत होतं तोच माणूस गेलेला असतो. तुमच्या प्रश्नातल्या बाईंचा आकडा हा त्यांचा निर्णय नाहीच, तो शेजाऱ्याचा अंदाज आहे, आणि तुम्ही "किंमत त्यांनीच सांगितली" म्हणता तेव्हा हे विसरताय.

अजून एक, वय काहीही असो, ज्या क्षणी समोरचा म्हणतो की तुम्हाला यातलं कळतं, तुम्हीच सांगा काय द्याल, त्या क्षणी तुम्ही नुसते गिऱ्हाईक राहत नाही, तुम्ही त्याचे सल्लागार झालात. मग एक तर खरा सल्ला द्या नाहीतर सांगा की मी घेणारा आहे, माझ्याकडून किंमत काढू नका, अमुक क्लबच्या माणसाला दाखवा. दोन्ही टोप्या एकदम घालून गप्प राहायचं, हे मला मान्य नाही आणि कधीच होणार नाही.

यावर लोक म्हणतात, आणि चांगली माणसं म्हणतात, की अरे मी वीस वर्षं घालवून हे कोड पाठ केले, मुलांबरोबरचे शनिवार-रविवार सोडून शेडमधे उंदरांच्या लेंड्यांत झोपून नंबर वाचले, त्या ज्ञानाची काही किंमत आहे की नाही? आहे, पूर्ण आहे, मी तर म्हणतो ती ठणकावून घ्या. तुमच्यासारखा कुणी गेला नसता तर ती गाडी शेवटी भंगारवाल्याकडे वजनावर गेली असती, हेही खरं. पण ज्ञानाची मजुरी वेगळी आणि सगळी वस्तूच वेगळी. आपल्या लहानपणी दारावर बोहारीण यायची, जुन्या साड्या घेऊन स्टीलची भांडी द्यायची. आजीच्या जुन्या पैठणीची जरतार खऱ्या चांदीची आहे हे तिला पदर हातात घेतल्या घेतल्या कळायचं आणि घरातल्या सुनेला नाही, आणि ती साडी एका पातेल्यावर जायची. बोहारणीला जरतार ओळखता येते म्हणून तिला चार पैसे जास्त मिळावेत याला कुणाची ना नाही. पण त्या घरातल्या लोकांना पुढे कळल्यावर काय वाटत असेल, ते तुम्ही त्या ओहायोच्या बाईंच्या जागी बसून बघा.

आणि कळतंच, हा मुद्दा लोक विसरतात. आता प्रत्येक चांगली गाडी ऑनलाइन लिलावात विन नंबरसकट, शंभर फोटोंसकट जाते आणि ते पान कायम राहतं. नातू कधीतरी आजोबांच्या जुन्या कागदावरचा विन टाकून बघतो आणि त्याला दिसतं की आजीला ८ हजार देऊन गेलेल्या माणसाने पुढच्याच वर्षी किती केले. आपण इथे बाहेरून आलेली माणसं, गावात एकदा नाव खराब झालं की आपल्यामागून जो दुसरा भारतीय मुलगा अशाच एखाद्या दारात उभा राहील त्यालाही ते नडतं. मला याची फार काळजी वाटते आणि ती मी लपवत नाही.

सांगितल्याने काय होतं याचं एक उदाहरण देतो. फ्लिंटच्या बाजूला एका निवृत्त कारखाना कामगाराकडे १९६५ ची पॉन्टियाक होती, तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा की ही साधी लेमान्स (पॉन्टियाकचंच दुसरं मॉडेल) आहे, मधल्या कुणीतरी जीटीओचे बॅज लावलेत, कारण त्याने कुठेतरी ऐकलं होतं की जीटीओचा नंबर २४२ ने सुरू होतो आणि याचा २३७ ने. आता २४२ ही गोष्ट १९६६ पासूनची, १९६४-६५ ला जीटीओ हे लेमान्सवरचं ऑप्शन होतं, त्यामुळे २३७ हाच बरोबर नंबर. त्याची बायको नर्सिंग होममधे होती आणि पैसे तिथेच जाणार होते. मी त्याला म्हटलं थांबा, पीएचएसचे कागद मागवू, फी मी भरतो, मग बोलू. कागद आले, खरी जीटीओ, आणि नुसती जीटीओ नाही तर तीन कार्ब्युरेटरवाली ट्राय-पॉवर, ३६० हॉर्सपॉवरची. गाडीवर तेव्हा एकच कार्ब्युरेटर होता. त्याने किंमत वाढवली, साहजिकच, आणि मी ती दिली, आणि त्यानंतर तो मला तळघरात घेऊन गेला आणि फडक्यात गुंडाळलेले मूळचे तिन्ही कार्ब्युरेटर, मॅनिफोल्ड, एअर क्लीनर आणि डीलरचं बिल काढून दिलं. मी गप्प बसलो असतो तर लेमान्स समजून विकणाऱ्या माणसाने ते फडकं कशाला उघडलं असतं? ती गाडी जशी होती तशी, सगळ्या मूळ सामानासकट आज रस्त्यावर आहे, ऑगस्टमधे डेट्रॉइटच्या वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांची फेरी निघते तिथे येते, आणि मला त्यात पैसेही मिळाले. दरवेळी असं होतं का, तर नाही. दोनदा-तीनदा मी सांगितलं आणि समोरच्याने थँक्यू म्हणून गाडी दुसऱ्यालाच विकली. तेव्हा वाईट वाटलं. पण गाडी त्यांची होती.

आता पैशाचं, कारण लोकांना वाटतं खरं सांगितलं म्हणजे पूर्ण दीड लाख द्यावे लागणार आणि मग धंदा कसला. तसं नाहीये. कागदावर हिशोब मांडा, आणि त्या बाईंसमोर मांडा. समजा उभी केलेली, कागद असलेली गाडी दीड लाखाला जाईल असं तुम्ही धरलंत. लिलावाचं कमिशन आणि खर्च १५ हजार. तळ, डिकी, मागचे पत्रे, रंग, इंजिन, आतलं सगळं मिळून ७५ हजार, आणि ओहायो-मिशिगनच्या, हिवाळ्यात मीठ टाकतात त्या रस्त्यांवर चालून गंजलेली गाडी असेल तर हा आकडा मी कमी धरणार नाही. ने-आण, विमा, जागा ५ हजार. तुमची मेहनत आणि जोखीम २० हजार. उरले ३५ हजार. हा त्या गाडीचा आजचा, शेडमधल्या अवस्थेतला न्याय्य आकडा. आठही नाही आणि दीड लाखही नाही. तुमचे २० हजार त्यात उघड लिहिलेले आहेत आणि त्यांची लाज वाटायचं काही कारण नाही, मी तर लोकांना बोट ठेवून दाखवतो की हे माझे. (गाडीला मूळचा रंग असेल आणि पत्रा फार गेला नसेल तर मात्र थांबा, तिला हात न लावता विकणं जास्त फायद्याचं आणि जास्त योग्य असू शकतं, मग हिशोब वेगळा होतो आणि बाईंचा वाटा वाढतो.)

३५ हजार तुमच्याकडे नसतील तर दुसरे रस्ते आहेत. आत्ता २० द्या आणि लेखी करार करा की बिल्ड शीट किंवा प्रोटेक्ट-ओ-प्लेट सापडून गाडी खरी ठरली तर अजून १५. किंवा गाडी त्यांच्याच नावावर राहू दे, तुम्ही साफ करून, फोटो काढून, लिलावाला लावून द्या आणि विक्रीवर ठराविक टक्के घ्या. दुसरा प्रकार मला म्हाताऱ्या लोकांच्या बाबतीत खूप आवडतो, त्यात कुणाचीच जोखीम मोठी नसते. फक्त जे ठरेल ते कागदावर आणि त्यांच्या मुलांपैकी एकाला समोर बसवून, कारण नंतर मुलं विचारणारच आणि त्यांना विचारायचा हक्क आहे.

काही गोष्टी या धंद्यात चालतात त्या मी बघितल्यात म्हणून सांगतो, म्हणजे तुम्ही कुणाच्या नादाने त्यात पडू नका. निधनवार्ता वाचून आठवड्याच्या आत फोन करणं. आधी दोन मित्रांना पाठवून तीन-चार हजारांच्या ऑफर द्यायला लावणं, म्हणजे तिसऱ्या दिवशी आपले ८ हजार देवासारखे वाटतात. नोटांचं बंडल टेबलावर ठेवून आत्ताच्या आत्ता सही मागणं. शेडमधे एकटं असताना बॅज काढून खिशात टाकणं. यातली प्रत्येक गोष्ट करणारा माणूस वर तोंड करून सांगतो की मी खोटं कुठे बोललो. आणि अशीच माणसं पुढे साध्या मालिबूला एसएसचे पट्टे मारून नवख्या गिऱ्हाइकाला विकताना पण गप्प बसतात, तिथेही कुणी विचारलं नाही म्हणून. घेताना पाळलेलं मौन विकताना सुटत नाही, हे मी इतक्यांदा बघितलंय की अशा माणसाकडून मी सुटा भागसुद्धा घेत नाही.

कागदपत्रांची एक अडचणही लक्षात घ्या. गाडी अजून बहुतेक नवऱ्याच्या नावावर असेल. मिशिगनमधे कोर्टात न जाता वारसाच्या नावावर टायटल (गाडीच्या मालकीचा कागद) करून घ्यायची सोपी सोय आहे, पण तिला मृत व्यक्तीच्या गाड्यांच्या एकूण किंमतीची मर्यादा आहे, ओहायोचे नियम वेगळे आहेत ते तिथल्या टायटल ऑफिसमधे विचारा. म्हणजे गाडीची खरी किंमत माहीत असताना ८ हजार लिहून फॉर्म भरायला लावलात तर खोटा कागद त्या बाईंच्या सहीने जाईल, तुमच्या नाही. ओघात लोक हे विसरतात, आणि मला तर ही गोष्ट सगळ्यात जास्त खटकते.

तर आता करा काय. त्यांना फोन करा, घाई नाही असं सांगा, आणि त्यांच्या मुलाला किंवा मुलीला बोलावून घ्यायला सांगा. जाताना टॉर्च, आरसा आणि चांगला कॅमेरा न्या. उजव्या बाजूच्या हेडच्या पुढची पट्टी फक्त फडक्याने आणि सौम्य क्लीनरने पुसा, वायरब्रश किंवा सँडपेपर अजिबात लावू नका, त्या बारीक रेषा गेल्या की पुरावा गेला. फोटो काढा, विनशी आकडे जुळवा. मग बसून सांगा की काकू (इथे तुम्ही मिसेस अमुक म्हणाल), तुमच्या मिस्टरांची ही गाडी साधी नसावी असं मला वाटतं, हे बघा का वाटतं ते, खात्री करायला तुमच्या घरात अमुक पुस्तिका, अमुक बिल, जुने फोटो असतील तर शोधूया, मला ही घ्यायची आहे आणि हा माझा हिशोब आहे, पण तुम्ही दुसऱ्या कुणाला दाखवून मग ठरवा. जवळपास शेव्हेलचा क्लब असेलच, दोन नंबर स्वतःहून द्या. कागद सापडले तर सगळ्याच्या प्रती काढून एक संच त्यांच्या मुलांकडे ठेवा आणि पैसे बँकेच्या चेकने, त्यांच्याच बँकेत जाऊन द्या, म्हणजे त्यांनाही धास्ती नको. नवऱ्याने ती कुठल्या डीलरकडून घेतली, पहिल्यांदा कुठे नेली, काय काय बदललं, हे त्या बोलायला लागल्या तर मधे बोलू नका, लिहून घ्या, पुढच्या मालकाला ते सगळं लागणार आहे.